टेबल सॉच्या गिअरला जळकं ऑइल? आधी प्लग काढा

बेळगावजवळच्या खानापूर, नंदगड, जांबोटी भागातल्या सुतारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज धुमाकूळ घालतोय. 'टेबल सॉचं आयुष्य दुप्पट करा, मोठे मिस्त्री हे सांगणार नाहीत' असं त्याचं डोकं. (टेबल सॉ म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल फिरत्या ब्लेडने लाकूड कापायचं मशीन.) खाली मुद्दे असे: गाडीचं जळकं ऑइल गिअरला सगळ्यात भारी, वर फुकट. जितकं जास्त तितकं उत्तम. ते नसेल तर खोबरेल, कारण ते नैसर्गिक. डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारला की वर्षभर बघायला नको. बेरिंगला आणि पट्ट्यालाही तेल सोडा. टेबलावर सिलिकॉन स्प्रे मारा म्हणजे लाकूड लोण्यासारखं सरकतं. आणि शेवटचा कळस: तेल घालताना मशीन चालूच ठेवा, म्हणजे ते दात्यादात्यात पोचतं.

असले मेसेज रोज येतात, मी उघडतही नाही. पण हा आमच्या दाजींनी पाठवला, आणि नुसता पाठवला नाही तर खाली लिहिलं, "आजच घातलं. मस्त फिरायलंय." मी लगेच फोन लावला. "दाजी, मशीन बंद करून घातलंत ना?" तर म्हणतात, "मेसेजात चालू ठेवा म्हटलंय की."

म्हणून शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरू करतो. बाकीचे मुद्दे मशीन बिघडवतात, हा बोटं नेतो.

ज्याने हे लिहिलं त्याने टेबल सॉ खालून कधी पाहिलेला नाही, हे एवढ्या एका वाक्यावरून कळतं. मोटर चालू केल्यावर फिरतं काय? ब्लेड, ब्लेडची शाफ्ट, आणि पट्ट्यावरचं मशीन असेल तर पुली व पट्टा. ब्लेड वर-खाली करणारा वर्म, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर, आणि त्याच्यात अडकलेली कमानदार दातेरी पट्टी, तसंच ब्लेड कलतं करणारी दुसरी जोडी, यांचा मोटरशी काडीचा संबंध नाही. तुम्ही बाहेरचं चाक हाताने फिरवाल तेव्हाच ती हलतात. म्हणजे मशीन दिवसभर चालू ठेवलं तरी त्या दात्यांवर पडलेलं तेल जिथं पडलं तिथंच राहणार. पसरणार ते फक्त ब्लेडवर उडालेलं, आणि तेही तुमच्या तोंडावर, भिंतीवर आणि पुढच्या फळीवर. तेलाचा डाग पडलेल्या सागवानावर पॉलिश कसं धरतं, ते पॉलिशवाल्याला विचारा.

आणि या न होणाऱ्या फायद्यासाठी हात कुठं घालायचा? १० इंची ब्लेड मिनिटाला साधारण ४ ते ५ हजार फेरे घेतं. ४ हजारच धरा, तरी दात्याचा वेग ताशी १९० किलोमीटर होतो. टेबलाच्या खाली, वाकून, अर्धवट उजेडात, तेलकट हातात बुधली धरून त्याच्याशेजारी बोटं न्यायची. वरून निदान ब्लेड दिसतं तरी, वर गार्ड असतो. खाली बऱ्याच मशीनमध्ये काहीच झाकलेलं नसतं. बाही अडकायला किंवा पुसायला घेतलेल्या कॉटन वेस्टचा एक धागा शाफ्टला गुंडाळायला कितीसा वेळ लागतो?

"आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो" म्हणणाऱ्यांसाठी एक जुना दाखला. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम २२ हे खास चालत्या यंत्राजवळच्या कामासाठीच होतं, आणि त्यात तेल-वंगणाचा उल्लेख स्पष्ट होता. चालू यंत्राला वंगण घालायचंच झालं तर ते खास शिकवलेल्या प्रौढ माणसानेच, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, आणि त्या माणसाचं नाव रजिस्टरमध्ये नोंदवून. तेही यंत्र थांबवलं तर कामच बिघडतं अशा ठिकाणीच. देश नुकता स्वतंत्र झालेला, मशीन जुनी, माल कमी, तरीही कायदा करणाऱ्यांना एवढं कळत होतं. दोन माणसांच्या वर्कशॉपला हा कायदा लागू नव्हता हे मला माहीत आहे. बोटं मात्र तिथंही तेवढीच असतात. टेबल सॉ थांबवल्याने काही बिघडत नाही. स्विच बंद करणंही पुरेसं नाही, प्लगच काढायचा, आणि ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत उभं राहायचं. ब्रेक नसलेलं ब्लेड स्विच बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहतं.

आता जळकं ऑइल. फुकट मिळतं, एवढा एकच गुण खरा. इंजिनात हजारो किलोमीटर चाललेल्या तेलात काजळी असते, धातूचा बारीक कीस असतो, आम्लं असतात, इंधन अर्धवट जळून तयार झालेली कर्करोगकारक रसायनं असतात. म्हणून तर ते इंजिनातून काढून टाकतात. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था, आयएआरसी, शुद्ध न केलेली किंवा अर्धवट शुद्ध केलेली खनिज तेलं माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात धरते. त्याच गटात लाकडाचा भुसाही आहे, हे आपल्या धंद्यातल्या किती जणांना माहीत आहे? भुसा टाळता येत नाही, म्हणून मास्क लावायचा. जळकं ऑइल तर कुणी जबरदस्तीने हातात देत नाही. आपल्याकडे २०१६ च्या घातक कचरा नियमांतही वापरलेलं तेल येतं. म्हणजे गॅरेजवाल्याने जे नोंदणी असलेल्या रिसायकलरला द्यायचं, ते आपण घरी आणून लाकूडकामाच्या टेबलाखाली ओततोय. तिथं भुशाचा ढीग असतो, आणि कार्बन ब्रशच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात. तेल पिलेला भुसा पेट घेतो, यासाठी शास्त्रज्ञ लागत नाही.

पण दाजींचा प्रश्न वेगळा होता. "विष असंल, खरं चाक तर हलकं झालंय की." हो, झालंय. आज झालंय. मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन दुरुस्तीचं काम करतो, असली तेल पाजलेली मशीन पुढं कशी होतात ते रोज उघडून बघतो. टेबल उलटं केलं की वर्मच्या आट्यांत आणि कमानीच्या दात्यांत काळा, घट्ट लगदा भरलेला असतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून उचकटला की त्याचा अख्खा तुकडा निघतो, आणि आतल्या बाजूला दात्याचा हुबेहूब ठसा उमटलेला असतो. त्यात सागवानाचा भुसा असेल तर आणखी वाईट, कारण सागात वाळूसारखं सिलिका असतं. त्यानेच ब्लेडची धार जाते, आणि तेलात मिसळल्यावर तेच दात्यांना घासत बसतं. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात चिकटवणारं रेझिन असतं, त्याचा लगदा तर सिमेंटसारखा बसतो.

मेसेज लिहिणाऱ्याला, आणि खरं तर बऱ्याच जुन्या मिस्त्र्यांनाही, हे पटत नाही की या गिअरला घर्षणाचा त्रास नाहीच मुळी. दिवसातून चार वेळा हाताने फिरणारा गिअर तो. वेग नाही, उष्णता नाही, ओझं मोटर आणि ब्लेडच्या वजनाएवढं. त्याचा शत्रू भुसा आहे. म्हणून वंगण निवडताना 'किती गुळगुळीत' हे विचारायचं नाही, 'भुसा चिकटतो का' हे विचारायचं. जळकं ऑइल, नवं ऑइल, गाडीच्या चाकाला भरतात ते पिवळं ग्रीस, सगळी ओली, सगळी भुसा धरणारी. जितकं जास्त तितका जास्त लगदा. चाक जड झालं की माणूस आणखी तेल घालतो, ते दोन दिवस हलकं होतं, मग आधीपेक्षा जड.

लगद्याचा दुसरा परिणाम लवकर लक्षात येत नाही. ब्लेड ९० अंशांवर येऊन थांबावं म्हणून आत एक स्टॉपचा बोल्ट असतो. त्याच्या तोंडावर भुशाचा थर बसला की ब्लेड ९० च्या आधीच थांबतं. काट्यावर शून्य, म्हणजे ब्लेड सरळ उभं, दिसतं, कापलेली कड मात्र तिरकी. मग कपाटाचे दरवाजे जुळत नाहीत आणि शिव्या प्लायवूडवाल्याला बसतात.

खोबरेलाचं थोडक्यात. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरात बेळगावात सकाळी बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल निघत नाही, हे ज्याला माहीत नाही त्याने बेळगावचा हिवाळा पाहिलेला नाही. करडई, शेंगदाणा, सूर्यफूल गोठत नाहीत, पण हवेने चिकट होतात. गॅसच्या मागच्या फरशीवर बसलेला तो पिवळा थर, तोच गिअरवर बसतो.

डब्ल्यूडी-४० बद्दल मेसेजात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. १९५३ साली सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने पाणी हटवून गंज रोखण्यासाठी केलेलं हे मिश्रण, आणि ते अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्यावर वापरलं गेलं. त्यात मोठा भाग पातळ द्रावकाचा, तेल थोडं. म्हणून जुना लगदा मऊ करून काढायला ते उत्तम, मीही वापरतो. पण मारून तसंच सोडलं तर द्रावक उडून जातं, मागे पातळ तेल राहतं, आणि त्यावर परत भुसा. 'वर्षभर बघायला नको' हे धडधडीत खोटं. हीच कंपनी कोरडं वंगण वेगळ्या डब्यात विकते, ते काय उगाच?

पट्ट्याला तेल: पट्टा घसरतो, रबर फुगतं. हा मुद्दा लिहिणाऱ्याने स्वतःच्या स्कूटरच्या ब्रेकलाही तेल घालून बघावं. शाफ्टची बेरिंग बहुतेक मशीनमध्ये दोन्ही बाजूंनी बंद असतात, ग्रीस आत भरूनच येतं. आवाज आला तर बेरिंग बदलायचं, तेल सोडायचं नाही.

सिलिकॉन स्प्रेने लाकूड सरकतं, अगदी छान सरकतं. पण सिलिकॉन टेबलावरून लाकडाला लागतं, आणि त्या लाकडावर लॅकर किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारलं की जागोजागी माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. पॉलिश त्या जागी धरतच नाही. पुन्हा घासून पुन्हा मारलं तरी बऱ्याचदा परत तेच. फर्निचर करणाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये सिलिकॉनचा डबा नसलेलाच बरा. टेबलाला सिलिकॉन नसलेलं मेण लावा.

ग्रीसच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी, नाहीतर कुणीतरी मला हातातलं सर्क्युलर सॉ दाखवेल. उचलून न्यायच्या छोट्या टेबल सॉमध्ये बऱ्याचदा मोटर आणि ब्लेडच्या मध्ये बंद डब्यातला गिअर असतो. तो खरोखर जोरात फिरतो, तापतो, आणि त्याला ग्रीस लागतंच. पण तो बंद असतो, भुसा आत जात नाही. त्यात कोणतं ग्रीस, ते मशीनच्या पुस्तिकेत असतं. मेसेजवाल्याने बंद गिअरचा नियम उघड्या गिअरला लावला, वर जळक्या ऑइलची फोडणी दिली.

मग लावायचं काय? कोरडा पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनचा, स्प्रे सगळ्यात सोपा. मारताना ओला असतो, काही मिनिटांत द्रावक उडून जातं आणि पातळ पांढरट थर राहतो. त्याला भुसा फारसा चिकटत नाही. ग्रॅफाइटची पूडही चालते, पण हात आणि फिक्या रंगाचं लाकूड काळं होतं, म्हणून मला आवडत नाही.

दाजींचा दुसरा आक्षेप मात्र बरोबर होता. पावसाळ्यात त्यांच्याकडे, जांबोटी-कणकुंबीकडे तर जास्तच, लोखंड महिनाभर ओलं राहिल्यासारखं असतं, आणि पीटीएफईचा पातळ थर गंजाला फारसा अडवत नाही. त्या पट्ट्यात मी डब्यातलं फर्निचरचं मेण सुचवतो. जुन्या टूथब्रशने दात्यांत चोळायचं, वाळू द्यायचं, वरचं पुसायचं. मेण सुकल्यावर चिकट राहत नाही आणि पाणीही अडवतं. पांढरं लिथियम ग्रीस गंजाला चांगलं, पण ते दात्यावर दिसेल न दिसेल इतकंच लावायचं, आणि भुसा ओढणारा व्हॅक्यूम मशीनला जोडलेला असेल तरच.

आधी मात्र साफसफाई, नाहीतर कोणताही डबा आणा, पैसे पाण्यात. प्लग काढा, ब्लेड काढा. सुटा भुसा व्हॅक्यूमने ओढून घ्या. ब्लोअर मारायचाच असेल तर मास्क लावून आणि दार उघडं ठेवून. लगद्यावर रॉकेल, टर्पेंटाइन किंवा तेच डब्ल्यूडी-४०, थोडा वेळ थांबून नायलॉनच्या नाहीतर पितळी ब्रशने वर्मची प्रत्येक आटी घासा. ओल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, बाहेर पसरून वाळवा. सगळं कोरडं झाल्यावर वंगण लावा, चाक पूर्ण वर, पूर्ण खाली, मग कलतं करायचं चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, आणि बाहेर आलेलं पुसून घ्या. तेल दात्यादात्यात पोचवायचं असेल तर ते असं, हाताने. स्टॉपच्या बोल्टचं तोंड फडक्याने स्वच्छ करा, ब्लेड बसवा, ९० वर आणा आणि प्लग लावायच्या आधी ब्लेडला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघा. मध्ये उजेड दिसला तर काट्यावर विश्वास ठेवू नका, स्टॉपचं तोंड परत पुसा.