लांब वायर लावली म्हणून एसएसबी उलगडत नाही

मेळघाट-गडचिरोलीकडच्या टॉवर नसलेल्या गावांच्या नावाने एसएसबीबद्दल (सिंगल साइडबँड, रेडिओवर आवाज पाठवायची एक पद्धत) एक मेसेज फिरतो आहे: 'एसएसबी म्हणजे एएमचा अर्धा तुकडा. साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर लागतो. आवाज बदकासारखा आला तर सिग्नल कमजोर, वायर लांब करा. पाठवायचं तर एएम ट्रान्समीटरला फिल्टर लावा.'

'अर्धा तुकडा' नाही. एएममध्ये 100 वॉटच्या वाहकावर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) एका सुराने पूर्ण मॉड्युलेशन केलं, म्हणजे आवाज चढवला, की दोन साइडबँडना (वाहकाच्या दोन बाजूंचे आवाजाचे पट्टे) 25-25 वॉट मिळतात. एसएसबीत वाहकही काढतात आणि एक साइडबँडही, म्हणजे 150 पैकी 25 वॉटचाच भाग उरतो.

खरी गोची रेडिओची. साध्या रेडिओत आवाज वेगळा काढणारा डायोड लहरीची उंची कमी-जास्त होते तेवढंच ओळखतो. एसएसबीवर कुणी एकसुरी शिट्टी वाजवली तर हवेत एकच, सारख्या उंचीची लहर जाते. डायोडमधून नुसता सपाट डीसी निघतो, शिट्टी गायब. बोलण्याचा मग बदकी गोंधळ होतो. सिग्नल कितीही जोरदार असला तरी होतो. काढलेला वाहक परत द्यावा लागतो, त्यासाठी बीएफओ (वाहकाच्या जागी लहर तयार करणारा छोटा ऑसिलेटर) हवा: जुन्या रेडिओतला 455 किलोहर्ट्झचा आयएफ कॅन (आयएफ म्हणजे रेडिओ सगळी स्टेशनं ज्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणतो ती, कॅन म्हणजे तिची डबीतली कॉइल) आणि एक बीसी547 ट्रान्झिस्टर यांत भागतं. त्याची वायर शेवटच्या आयएफ टप्प्याजवळ नुसती आणून ठेवायची. जोड फार घट्ट झाली तर एजीसी (सिग्नलप्रमाणे रेडिओची ताकद आपोआप कमी-जास्त करणारा भाग) रेडिओच दाबून टाकतो. फार ढिली राहिली तर मोठ्या आवाजाला शब्द फाटतात.

इथे बरेच जण चुकतात ते बाजूवर, म्हणजे वरचा साइडबँड की खालचा यावर. 7 मेगाहर्ट्झवर हौशी रेडिओवाले (हॅम) एलएसबी, म्हणजे खालचा साइडबँड, वापरतात. पण रेडिओचा ऑसिलेटर सिग्नलच्या वर 455 ने चालत असेल तर आयएफमध्ये बाजू उलटते. म्हणून बीएफओ 453.5 च्या आसपास ठेवा. 456.5 वर ठेवला तर हवा तो आवाज फिल्टरच्या काठावर पडतो आणि शेजारचं स्टेशन मधे घुसतं. मे महिन्यात टिनाखाली ऑसिलेटर सरकतो. 100 हर्ट्झ सरकला तरी माणसाचा आवाज बदलतो. म्हणून कपॅसिटर एनपी0, म्हणजे उष्णतेने फारसे न बदलणारे, घ्या.

लांब वायरने शेताच्या झटका मशीनची टकटक तेवढी वाढते. 7.1 मेगाहर्ट्झसाठी डायपोल अँटेनाच्या (मधे केबल जोडलेल्या दोन तारा) दोन्ही बाजू सुमारे 10-10 मीटर पुरतात.

आता 'एएमला फिल्टर'. बोलण्याचा पट्टा 300 हर्ट्झला सुरू होतो, म्हणजे वाहक साइडबँडपासून फक्त 300 हर्ट्झवर. फिल्टरची उतरण तिथे पुरेशी तीव्र नसते. त्यामुळे वाहक आधीच बॅलन्स्ड मॉड्युलेटरमध्ये (दोन बाजू समतोल ठेवून वाहक रद्द करणारं सर्किट) मारतात: जुळवलेले दोन 1एन4148 डायोड, तीन तारा एकत्र गुंडाळलेला टोरॉइड (कडीच्या आकाराचा कोर), 100 ओमचा प्रीसेट (फिरवून बसवायचा रेझिस्टर) आणि 22 पिकोफॅरडचा ट्रिमर (तसाच कपॅसिटर). प्रीसेट-ट्रिमर आळीपाळीने फिरवून वाहक किमान करायचा, मग नको तो साइडबँड कापायला 2.4 किलोहर्ट्झचा क्रिस्टल फिल्टर. बिटएक्स या घरी बांधायच्या एसएसबी सेटची रचना याच वाटेने जाते. फिल्टर टाळून फेजिंगनेही (लहरींत 90 अंशांचा फरक ठेवून एक बाजू रद्द करणं) जमतं, पण 90 अंशांत 1 अंश चुकला की नको ती बाजू सुमारे 41 डेसिबलच दबते.

आणि एएमचा क्लास सी फायनल (लहरीच्या थोड्याच भागात चालू राहणारा शेवटचा अ‍ॅम्प्लिफायर) इथे चालत नाही. लहान आवाज गिळतो, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर चिखल उडवतो. फायनलच्या आयआरएफ510 ट्रान्झिस्टरला सुमारे 100 मिलिअँपिअर बायस (सिग्नल नसतानाही वाहता ठेवलेला करंट) द्या आणि परवाना असेल तर डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायचा रेझिस्टर) तपासा: माइकसमोर गप्प राहिलं तर वॉटमीटर शून्याजवळ, शिट्टी मारली तर वर. गप्प असतानाही काटा हलला तर पुन्हा प्रीसेटकडे.