किंडलने डोळे जात नाहीत, ते फॉरवर्ड करणं थांबवा

गेले काही दिवस फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की ई-बुक वाचू नका, किंडलच्या, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-बुक वाचायच्या यंत्राच्या, रेडिएशनने डोळे जातात, स्क्रीनवर वाचलेलं डोक्यात राहत नाही, आणि कागदावरचं तेच खरं पुस्तक. माझ्या मावशीने तो वाचला आणि किंडल कपाटात टाकलं. तिला रेटिनाचा त्रास आहे, छापील अक्षर दिसत नाही, म्हणजे किंडल बंद तर वाचनच बंद. संताप होतो.

आधी डोळ्यांचं बघू. किंडलचा पडदा मोबाईलसारखा नसतो, त्यात अगदी बारीक कुप्या असतात, कुप्यांत काळे-पांढरे कण, विजेने हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटतं, मग ते टिकवायला वीजही लागत नाही. खोलीतला उजेड त्यावर पडून डोळ्यांपर्यंत येतो, कागदावरून येतो तसाच. दिवा असलेल्या मॉडेलमध्येही एलईडी कडेला असतात आणि उजेड पानावर पडतो. यात डोळे जाण्यासारखं काय आहे? मोबाईलवर वाचून डोळे चुरचुरतात हे खरं, पण ते पापण्या कमी मिटल्याने, डोळे कोरडे पडतात म्हणून. स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने डोळा खराब होतो याला पुरावा नाही, हे अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संघटनाच सांगते.

मावशी अक्षर इतकं मोठं करते की पडद्यावर जेमतेम पाच-सहा ओळी मावतात, सारखं बोट लावून पान उलटावं लागतं, पण ती स्वतःची स्वतः वाचते, कुणाला 'जरा वाचून दाखव गं' म्हणावं लागत नाही. एवढ्या मोठ्या टायपातली मराठी कादंबरी दुकानात मागून बघा एकदा.

डोक्यात राहत नाही, यात थोडं तथ्य आहे, नाईलाजाने मान्य करते. २०१८ मध्ये डेलगाडो आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यास एकत्र तपासले, १ लाख ७० हजारांवर वाचक, आणि वाचलेलं समजण्यात कागद पुढे निघाला. पण फरक लहान होता, तो माहितीपर मजकुरात आणि घड्याळ लावून वाचताना जास्त दिसला, गोष्टी-कथांमध्ये दिसलाच नाही. म्हणजे परीक्षेचा अभ्यास कागदावर करा, जरूर करा. मावशी कादंबऱ्या वाचते, तिला कुठे पेपर द्यायचाय?

'खरं पुस्तक' वगैरेवर मी वेळ घालवणार नाही, वाचलं म्हणजे वाचलं.

आणि ई-बुकबद्दलची खरी तक्रार तर त्या मेसेजमध्ये नाहीच. पैसे मोजूनही पुस्तक पूर्ण आपलं होत नाही. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑरवेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसली होती, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, पैसे परत दिले आणि नंतर माफीही मागितली. फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने किंडलमध्ये टाकायची सोयही काढून घेतली. यावर मेसेज लिहा, मी स्वतः सगळ्या ग्रुपवर टाकते.