‘पेट्रोल एसयूव्ही म्हणजे पैसे पाण्यात’? ठाण्यापुरता हिशेब मांडून बघा

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक सल्ला फिरतोय: ‘पेट्रोल एसयूव्ही घेऊ नका. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये नऊच्या वर अ‍ॅव्हरेज नाही, भरली गाडी घाट चढत नाही, सनरूफ पावसात गळतं. डिझेलच घ्या.’ यातला नऊचा आकडा खरा आहे. बाकीचं तपासून घ्यायला हवं, कारण हा मेसेज वाचून लोक सोळा-सतरा लाखांचे निर्णय घेतायत.

आधी अ‍ॅव्हरेज. गर्दीत टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक 9 देते आणि तेवढीच डिझेल 13, असं धरू. पेट्रोल लिटरला 104 रुपये, डिझेल 90 धरू. महिन्याचं रनिंग 600 किलोमीटर असेल तर डिझेलमुळे साधारण 2,800 रुपये वाचतात. पण डिझेल व्हेरिएंट मुळातच सव्वा लाखाच्या आसपास महाग असतो. शिवाय महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स 12 टक्के आहे, डिझेलला 14. सोळा लाखांच्या पेट्रोलला 1.92 लाख, सव्वासतरा लाखांच्या डिझेलला 2.41 लाख. एकूण फरक पावणेदोन लाखांच्या घरात जातो आणि वसूल व्हायला पाच वर्षांहून जास्त लागतात. रनिंग 1,500 असेल तर मात्र तो दोन वर्षांत सुटतो. रोज ठाणे-पुणे करणाऱ्याने डिझेलच घ्यावी.

मेसेजमध्ये डीपीएफचं नावच नाही, हे जास्त खटकतं. बीएस-6 या प्रदूषण नियमांत बसणाऱ्या डिझेल गाडीच्या सायलेन्सर लाइनमध्ये काजळी धरणारा हा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला सुमारे 600 अंश तापमान लागतं, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगाने गाडी पळायला हवी. पातलीपाडा ते ठाणे स्टेशन एवढंच रोजचं जाणं-येणं असेल तर ते तापमान येत नाही आणि जाळण्याची प्रक्रिया अर्धवट राहते. त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढली की ऑइल घटण्याऐवजी वाढलेलं दिसतं, आणि ते पातळ झालेलं असतं. अशा छोट्या फेऱ्यांसाठी डिझेल सुचवणं हा चुकीचाच सल्ला आहे.

घाटाचं म्हणाल, तर ती तक्रार टर्बो नसलेल्या दीड लिटर इंजिनाला लागू पडते. त्यांचा टॉर्क, म्हणजे गाडी ओढण्याचा जोर, 140 न्यूटन-मीटरच्या आसपास. आताचं दीड लिटर टर्बो पेट्रोल 250 पर्यंत देतं, तेही कमी आरपीएमला. पाच माणसं आणि सामान घेऊन कसारा घाट आरामात चढता येतो. खरी अडचण येते घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर, रांगत चालताना. ड्राय क्लच डीसीटी (दोन क्लचचा, ऑइलमध्ये न बुडालेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर क्लच अर्धवट लागून घासत राहतो, तापतो आणि स्क्रीनवर इशारा येतो. म्हणून पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग हला. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ऑटो होल्ड वापरा, म्हणजे ब्रेक आपोआप लागून राहतो. रोजच असं रांगायचं असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक घ्या, त्यात घासणाऱ्या क्लचऐवजी तेलातून जोर पोचतो.

सनरूफमधून पाणी आत येणं अपेक्षितच असतं! काचेखालच्या पन्हळीत ते जमतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली निघून जातं. मेट्रोच्या कामाची धूळ आणि झाडांचा पाला मिळून त्या नळ्यांत चिखल बसतो, मग छताच्या कापडावर डाग उमटतो. मे महिन्यात काच उघडा, पन्हळ ओल्या फडक्याने पुसा आणि पुढच्या कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओता. थोड्या वेळात ते पुढच्या चाकाजवळ ठिबकायला हवं. तुंबलं तर मऊ नायलॉनची तार घाला. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. नळी सांध्यातून निसटते आणि पाणी कार्पेटखालच्या वायरिंगपर्यंत जातं.

गाडी उभी कुठे करणार, हे मात्र मेसेज विचारतच नाही. टॉवरमध्ये स्टॅक पार्किंग (गाड्या एकावर एक ठेवणारं यंत्र) असेल तर बुकिंगआधी पॅलेटवरची, म्हणजे गाडी ठेवायच्या फळीवरची, पाटी वाचा: उंची, रुंदी, वजन. सेडानसाठीच्या कप्प्यात साधारण 1.55 मीटर उंचीची गाडी बसते, एसयूव्ही त्याहून उंच असते. उंची रूफ रेलसकट धरा. रुंदी आरसे मिटवून मोजा, आणि दार उघडून माणूस बाहेर पडेल एवढी जागा उरते का तेही बघा.