फाल्क्स आणि फाळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'फाल्क्स' म्हणजे विळा, कोयता, वाकडं पातं. या लॅटिन शब्दावरच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, फाल्क्स ही डेशियन (रोमनांशी लढलेल्या डेशिया देशातल्या) योद्ध्यांची वाकडी तलवार. तिला विळ्या-कोयत्यांच्या पंगतीत बसवून मी तिचा मान घालवला. दुसरा, हा शब्द उघडउघड संस्कृत 'फाल' म्हणजे आपल्या नांगराच्या फाळावरून आलेला असताना मी ते लिहिलंच नाही. तुम्ही लेख बारकाईने वाचलात म्हणून हे विचारलंत, तेव्हा सविस्तरच लिहितो.

आधी फाळ. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्याही मनात फाळच आला होता. पण नातं ठरवायला कानाला सारखं वाटणं पुरत नाही. संस्कृत आणि लॅटिन एका कुळातल्या, आणि त्यांच्यातले ध्वनी ठरावीक वाटेने बदललेले आहेत. लॅटिन शब्दाच्या सुरुवातीला 'फ' असेल तर संस्कृतात समोर बहुधा 'भ' नाहीतर 'ध' उभा असतो: फ्रातेर–भ्रातृ, फेर्त–भरति, फूमुस–धूम. म्हणजे फाल्क्सचा संस्कृत भाऊ शोधायचाच तर तो भ-ध मध्ये शोधायला हवा. अर्थही वेगळ्याच दिशेला जातो. 'फाल'चा संबंध फुटणे, दुभंगणे या अर्थाच्या 'फल्' धातूशी लावतात. फाळ जमीन फाडतो. फाल्क्सची सगळी ओळख तिच्या वाकात आहे.

असा मोह खुद्द रोमनांनाही झाला होता. इ.स.पू. पहिल्या शतकातल्या वॅरो या रोमन विद्वानाने हा शब्द 'फार' या धान्याच्या नावावरून काढला, एक अक्षर बदललं म्हणून. ते आज कुणी मानत नाही. पण त्याच ठिकाणी तो सांगतो की इटलीतल्या कँपेनिया भागात विळ्याला 'सेकुला' म्हणतात, 'सेकारे' म्हणजे कापणे यावरून. हे मात्र पक्कं आहे, इंग्रजीतला 'सिकल' त्याच सेकुलाचा वंशज. फाल्क्ससाठी काही अभ्यासकांनी लिथुएनियन 'दाल्गिस' सुचवला आहे. त्याचा अर्थ गवत कापायचा लांब दांड्याचा विळा. तिथे सुरुवात जुळते (लिथुएनियन 'द' मूळच्या 'ध'चाही असू शकतो), पण शेवटी क आणि ग यांचं जमत नाही. म्हणून मी 'मूळ अनिश्चित' असं लिहिलं, आणि ते तसंच ठेवणार आहे.

आता तलवार. डेशिया म्हणजे आजचा रोमानिया. रोमन सम्राट ट्राजानने तिथे इ.स. १०१-१०२ आणि १०५-१०६ अशी दोन युद्धं केली. डेशियन फाल्क्सने झालेल्या भयंकर जखमा सोसलेल्या रोमन सैनिकांना पुढे पार्थियन (इराणकडच्या साम्राज्याच्या) बाणांचं काही वाटेना, असं रोमन लेखक फ्रोंतो लिहितो. शस्त्र जबरदस्त होतं, यात वाद नाही. पण 'फाल्क्स' हे नाव लॅटिन आहे. समोरून येणारं वाकडं पातं रोमनांनी पाहिलं आणि आपल्या शेतावरचं नाव त्याला दिलं. रोमन सेनापती सीझरनेही इ.स.पू. ५६ मध्ये गॉलच्या (आजच्या फ्रान्सच्या) किनाऱ्यावरच्या व्हेनेती लोकांच्या जहाजांचे शिडाचे दोर कापायला लांब काठ्यांवर धारदार आकडे बसवले, तेही फाल्केसच (हे फाल्क्सचं अनेकवचन).

आणि विळा-कोयता म्हटल्याने मान कसा जाईल? शेतीवर लिहिणारा रोमन लेखक कोल्युमेल्ला द्राक्षाच्या छाटणीची फाल्क्स सांगतो तेव्हा तिच्या पात्याच्या सहा भागांना सहा नावं देतो. मुठीजवळचा सरळ भाग कुल्तेर, म्हणजे सुरी. वाकलेला भाग सिनुस, पातं मागे ओढून कापण्यासाठी. तासायला स्काल्प्रुम, कोरायला चोचीसारखा रोस्त्रुम. पाठीवर अर्धचंद्राकार सेक्युरिस, म्हणजे कुऱ्हाड, घाव घालायला. आणि तिचं टोक मुक्रो, अडचणीच्या जागी साफसफाई करायला. हातभर लांबीसुद्धा नसलेलं हत्यार, त्यात सहा अवजारं! एवढी बारीक नावं पाडणाऱ्यांना हे अवजार हलकं वाटत नव्हतं.

संस्कृतशी नातं तुम्हाला हवंच असेल, तर ते जवळच आहे. रोममधल्या यादवी युद्धाबद्दल रोमन कवी व्हर्जिल म्हणतो की वाकडे विळे वितळवून त्यांची ताठ तलवार ओततात. त्याच्या त्या ओळीत 'फाल्केस' आहे आणि तलवारीसाठी शब्द आहे 'एन्सिस'. हा एन्सिस म्हणजे आपल्या संस्कृत 'असि'चा (तलवारीचा) सख्खा भाऊ, नियमाने सिद्ध झालेला.