शेट्टीहळ्ळीचे चर्च आणि वरून न दिसणारे गाव

दरवर्षी पावसाळा लागला की माझ्या फोनवर एकाच जागेचे व्हिडिओ येऊ लागतात. चोहीकडे मातकट पाणी, त्यात कमरेइतके बुडालेले एक बिनछपराचे चर्च आणि त्याच्या टोकदार कमानींभोवती सावकाश घिरट्या घालणारा ड्रोन. कर्नाटकातील हासन शहरापासून साधारण २० किलोमीटरवर, हेमावती धरणाच्या जलाशयात उभे असलेले हे शेट्टीहळ्ळीचे रोझरी चर्च. मी गेली अकरा वर्षे बंगळुरूत राहतो, ड्रोनने चित्रण करणे हा माझा जुना छंद आहे आणि या चर्चवर मी स्वतः चार वेळा ड्रोन उडवला आहे. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते सर्वांत आधी मला लागू आहे. आपण सगळे मिळून या वास्तूची जी चित्रे जगासमोर ठेवत आहोत, त्यांत चर्च आहे, पाणी आहे, आभाळ आहे. पण ज्या गावासाठी ते चर्च बांधले गेले त्या गावाचा मागमूसही नाही, आणि हे मला आता सहन होत नाही.

सुरुवात निवेदनापासूनच करावी लागेल. बहुतेक व्हिडिओंत 'ब्रिटिशांनी बांधलेले व्हिक्टोरियन चर्च' असे म्हटलेले असते. काळ व्हिक्टोरिया राणीचाच होता हे खरे आहे. चर्च १८६० च्या सुमारास उभे राहिले आणि १८३१ ते १८८१ ही पन्नास वर्षे म्हैसूरचा कारभार इंग्रज कमिशनरांच्याच हातात होता. टोकदार कमानींची जी गॉथिक शैली त्या काळी इंग्लंडात पुन्हा डोके वर काढत होती, तिचेच एक ग्रामीण रूप इथे दिसते. परंतु बांधणारे इंग्रज नव्हते, फ्रेंच होते. पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेचे धर्मगुरू अठराव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण भारतात काम करत होते, आणि १८५० साली म्हैसूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हा तोही याच संस्थेकडे आला. खेड्यातल्या कॅथलिक शेतकऱ्यांसाठी फ्रेंच धर्मगुरूंनी, इंग्रजी अंमलाखालच्या एका हिंदू संस्थानात, इथल्याच मजुरांच्या हातून उभारलेली ही वास्तू आहे. ही गुंतागुंत हाच तिच्या इतिहासाचा गाभा आहे, आणि 'ब्रिटिशकालीन' हा एक शब्द ती सगळी पुसून टाकतो.

दुसरी चूक त्याहून मोठी आहे. हे चर्च आबे द्युबुआ या फ्रेंच धर्मगुरूंनी बांधले, असे अनेक व्हिडिओंत ठामपणे सांगितले जाते. द्युबुआ हे मोठेच गृहस्थ होते. १७९२ साली ते भारतात आले, टिपू सुलतानाच्या पाडावानंतर म्हैसूर भागात त्यांनी काम केले, इथल्या लोकांसारखा वेश आणि आहार स्वीकारला, देवीची लस गावोगाव पोचवण्यासाठी ते झटले आणि हिंदूंच्या चालीरीतींवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षे वाचला. हासन परिसरातल्या सातहळ्ळीशी त्यांचे नाव जोडलेले आहे, तेव्हा या पट्ट्यातल्या ख्रिस्ती वस्त्यांच्या आठवणीत ते असणे स्वाभाविक आहे. परंतु १८२३ साली ते भारत सोडून कायमचे फ्रान्सला गेले आणि १८४८ साली तिथेच वारले. आज पाण्यात उभ्या असलेल्या भिंती त्यांनी बांधणे शक्यच नाही. दोन सनावळ्या शेजारी शेजारी ठेवल्या तरी हे कळते. तरीही ते वाक्य एका व्हिडिओतून दुसऱ्यात जात राहते, कारण चित्र इतके सुंदर असते की शब्दांकडे कोणी पाहत नाही. या भिंतींच्या चुन्यात अंडी आणि गूळ घातल्याची व्हिडिओंतली गोष्टही तशीच. चुन्यात गूळ मिसळण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आणि खरी आहे, परंतु या भिंतींत अमुक होते असे म्हणायचे तर आधी इथल्या चुन्याचा नमुना तपासून त्याचा निष्कर्ष समोर ठेवायला हवा, आणि तसा आधार मला एकाही व्हिडिओत ऐकायला मिळालेला नाही.

आता मूळ मुद्दा. हेमावती ही कावेरीची उपनदी. गोरूर येथे तिच्यावर धरण बांधले गेले आणि १९७९ साली ते पूर्ण झाले. हासन, तुमकूर, मंड्या या जिल्ह्यांतल्या शेतीला त्याचे पाणी मिळते आणि त्या पाण्याचे मोल कमी लेखण्याचा अधिकार मला नाही. परंतु त्या पाण्यासाठी शेट्टीहळ्ळीसारखी गावे उठली, लोकांनी नव्या जागी घरे बांधली आणि नव्या जागी प्रार्थना सुरू केली. जुने चर्च तेवढे मागे राहिले. भरल्या जलाशयात ते बरेचसे बुडते, उन्हाळ्यात पाणी उतरले की कोरड्या जमिनीवर पूर्ण उघडे पडते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बुडते.

हे मला इतके का लागते ते सांगतो. माझ्या आईचे माहेर भीमेकाठचे, आणि ते गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. उजनीचे पाणी खूप उतरले की पळसदेवच्या पळसनाथ मंदिराचे शिखर आणि मग हळूहळू सगळे मंदिर वर येते, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात, पुण्याहून गाड्या येतात आणि आता तिथेही ड्रोन उडतात. लहानपणी एका दुष्काळी वर्षी आईने मला तिथे नेले होते. लोक मंदिराकडे पाहत होते आणि ती मंदिराकडे पाठ करून, गाळात उघड्या पडलेल्या जोत्यांच्या रांगा मोजत चालली होती. एका जोत्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, "इथं चूल होती." मला दिसत होते ते फक्त चार दगड. देऊळ काय आणि चर्च काय, ते मजबूत बांधलेले असते म्हणून पाण्यातून परत येते. मातीच्या भिंतींची घरे परत येत नाहीत, आणि मग वरून पाहणाऱ्याला वाटते की इथे देवाचे घर तेवढे होते.

ड्रोनचे चित्रण हा समज अधिकच पक्का करते. पाणी भरलेले असतानाच चित्रण करायचे, कारण तेव्हाच प्रतिबिंब मिळते; पहाटेचे धुके मिळाले तर उत्तमच; यंत्रावर चर्च हा मध्यबिंदू ठरवायचा आणि ठरावीक अंतरावरून एक प्रदक्षिणा घ्यायची. पंचवीस-तीस मिनिटांची बॅटरी संपेपर्यंत अशा तीन-चार फेऱ्या होतात, आणि घरी येऊन त्यावर बासरी लावली की काम झाले. मी नेमके हेच केले होते. माझा पहिला व्हिडिओ हजारो लोकांनी पाहिला आणि खाली आलेल्या प्रतिक्रियांत गाव कुठे गेले, हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. विचारणार तरी कसे? मी तो प्रश्न चित्रात शिल्लकच ठेवला नव्हता.

ड्रोनवर बंदी घालावी, असे माझे म्हणणे नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनी हौशी माणसाला बरीच मोकळीक दिली आहे: हिरव्या, म्हणजे आगाऊ परवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रात १२० मीटरपर्यंत उडवता येते, आणि २ किलोपर्यंतचा ड्रोन व्यावसायिक कामासाठी नसेल तर चालकाला परवाना लागत नाही. उडवण्याआधी नकाशावर क्षेत्र तपासावे, भिंतींच्या कोनाड्यांत पक्ष्यांची घरटी असतील तर लांब राहावे, एवढी जबाबदारी आपली. माझे म्हणणे वेगळे आहे. याच यंत्राकडून या चर्चसाठी एक अत्यंत मोलाचे काम करून घेता येते आणि ते आपण करत नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर चर्चच्या भिंतीला हात लावून पाहा. बाहेरचा गिलावा बहुतेक ठिकाणी गेला आहे आणि आतली वीट उघडी पडली आहे. मी एका विटेवरून अंगठा फिरवला तर लाल भुकटी बोटाला आली. पाणी जिथपर्यंत चढते तिथे भिंतीवर आडवी रेघ दिसते आणि तिच्या आसपास क्षारांचा पांढरा थर असतो. वीट पावसाळ्यात पाणी पिते, उन्हाळ्यात वाळते. वाळताना तिच्यातले क्षार पृष्ठभागाशी येऊन त्यांचे स्फटिक होतात आणि ते फुगून विटेचा पापुद्रा उडवतात. दोन विटांमधला चुना पाण्याबरोबर थोडा थोडा झिजत जातो. भिंतीच्या माथ्यावर, जिथे पाणी कधीच पोचत नाही, तिथे झाडांनी मुळे धरली आहेत. कमान एकमेकींना रेटून धरणाऱ्या दगडविटांवर उभी असते. एका बाजूचा आधार सुटला की ती हळूहळू वाकत नाही, एकदम येते. म्हणजे या वास्तूचे आयुष्य मोजके आहे, आणि ते कोणी मोजत नाही.

मोजता मात्र येते. आभाळ ढगाळ असताना, म्हणजे सावल्या कडक पडणार नाहीत अशा वेळी, ड्रोन सरळ ओळींत न्यायचा आणि प्रत्येक छायाचित्रात आधीच्या छायाचित्राचा सत्तर-ऐंशी टक्के भाग पुन्हा येईल इतक्या जवळून टिपत जायचे. एकदा वरून, एकदा तिरक्या कोनातून, एकदा भिंतींच्या समांतर. जमिनीवर मोजलेल्या अंतरावर खुणा ठेवायच्या. या शेकडो छायाचित्रांवरून संगणक वास्तूची मोजमापांसह त्रिमितीय प्रतिकृती तयार करतो. दरवर्षी उन्हाळ्यात हेच केले तर कोणती भेग रुंदावली, कोणती भिंत झुकली, हे दोन वर्षांच्या प्रतिकृती एकमेकींवर ठेवून सांगता येईल. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली, तेव्हा अँड्र्यू टॅलन या अभ्यासकाने काही वर्षांपूर्वी लेसरने केलेली त्या वास्तूची मोजणी पुनर्बांधणीच्या उपयोगी पडली. टॅलन आगीच्या आदल्याच वर्षी वारला होता. शेट्टीहळ्ळीला तेवढी महागडी साधने मिळणार नाहीत, पण दर शनिवार-रविवारी तिथे ड्रोन घेऊन जाणाऱ्यांच्या पिशवीत जे आहे ते पुरेसे आहे. आणि त्याच उड्डाणात दोनशे मीटर पुढे गेले, तर भोवतालच्या कोरड्या तळावर जुन्या वस्तीच्या ज्या खुणा उरल्या असतील त्यांचाही नकाशा होईल.

हे मला सुचले ते गेल्या एप्रिलमधल्या एका दुपारी. मी ड्रोन उडवत होतो आणि गुरे घेऊन आलेले एक आजोबा माझ्या मागे उभे राहून पडद्याकडे पाहत होते. माझे कन्नड मोडकेतोडकेच आहे. मी त्यांना "अज्जा, बन्नी" म्हणून जवळ बोलावले आणि पडद्यावर त्यांच्या हाताने सावली धरायला लावली. चर्चकडे त्यांनी पाहिले न पाहिल्यासारखे केले. बोटाने ते मला डावीकडे, अजून डावीकडे, आता खाली, असे नेत राहिले. गवताच्या हिरव्या पट्ट्यात एक फिकट गोल दिसत होता, जो मी आधीच्या तीन भेटींत कधी पाहिला नव्हता. ती गावची विहीर. तिच्यापासून बोट सरकवत त्यांनी रस्ता दाखवला, वळण दाखवले, आणि मग एका जागी बोट ठेवून ते गप्प झाले. तेवढ्यात बॅटरी संपत आल्याचा इशारा वाजू लागला आणि मला ड्रोन खाली घ्यावा लागला.

येत्या मार्चअखेरीस, पाणी पुरते उतरले की, मी पुन्हा जाणार आहे. चार बॅटऱ्या, मोजपट्टी आणि कन्नड उत्तम बोलणारी एक मैत्रीण बरोबर असेल. अज्जांना आधीच निरोप दिला आहे, आणि त्यांनी सांगितले आहे की त्यांच्या वयाचे आणखी तिघे जण येतील. ज्यांना यायचे असेल त्यांनी खाली कळवावे. ड्रोन नसला तरी चालेल, टेप धरायला माणसे लागतील.