‘काही होणार नाही’ हे मी का म्हटलं नाही

भाऊ, यांच्या कातडीवरच्या चट्ट्यांबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचून आधी रागच आला, म्हणून दोन दिवस थांबून लिहितेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दोनदा बायोप्सी (कातडीचा तुकडा काढून तपासणं) करून निदान होत नाही म्हणजे लॅब भोंगळ; आणि नवऱ्याला ‘काही होणार नाही’ एवढा धीरही न देणारी बायको काय कामाची?

आधी लॅबचं. यांच्या कमरेवर, मांड्यांवर फिकट चट्टे होते. गावात कुणी कोड म्हणालं, कुणी गजकर्ण. मेडिकलवरून आणलेली ट्यूब दोन महिने चोळली. तिच्यात स्टिरॉइड होतं, ते आम्हाला नंतर कळलं. डॉक्टरांना शंका आली मायकोसिस फंगॉइडिसची. नावावरून बुरशी वाटते, पण तो कातडीत उतरणाऱ्या टी-पेशींचा (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा) लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर आहे. सावळ्या कातडीवर तो पुष्कळदा असा फिकट डागांनीच दिसतो, आणि सुरुवातीला सूक्ष्मदर्शकाखालीही साध्या इसबासारखा भासतो. त्यात स्टिरॉइडने खुणा आणखी पुसट होतात. पहिल्या बायोप्सीत नक्की काही कळलं नाही, म्हणून ट्यूब चार आठवडे बंद ठेवून, दोन वेगळ्या चट्ट्यांतून पुन्हा ४ मिलिमीटरचे तुकडे घेतले, आयएचसीही (कुठल्या प्रकारच्या पेशी आहेत ते रंगवून ओळखायची तपासणी) केली. उत्तर तेच, ‘नक्की सांगता येत नाही, लक्ष ठेवा.’ मला तर हा अहवाल प्रामाणिक वाटला. नसलेली खात्री कागदावर उतरवून दिली असती, तर तिचं आम्ही काय केलं असतं?

आता धीराचं. पहिल्या आठवड्यात मी तेच म्हणायचे हो, दिवसातून दहा वेळा! एका रात्री हे म्हणाले, “तू असं म्हणतेस ना, मग मला बोलायलाच जागा उरत नाही.” त्यानंतर मी ते वाक्य टाकून दिलं. आमच्याकडे शेतीची लाइट एक आठवडा रात्रीची असते. मोटर चालू करायला हे निघाले की मी गाडीवर मागे बसायचे. टाके होते, खड्डा आला की हे कळवळायचे. विहिरीच्या कडेला, केळीच्या बागेत पाणी फिरेपर्यंत बसायचो. कधी हे बोलायचे: कर्जाचं, पोरीच्या बारावीचं, ‘तसलं निघालं तर’चं. कधी नुसतेच डास मारत बसायचो. तुमच्या हिशेबात हा धीर बसत नसेल, तर राहू द्या.

सुरुवातीच्या टप्प्यात हा आजार निघालाच, तरी तो बहुतेकांत वर्षानुवर्षं संथ असतो आणि मलम, प्रकाशोपचार यांवर आटोक्यात राहतो, हे डॉक्टरांनी समजावलं. इंटरनेटवरचे भयंकर फोटो बघून आम्ही जे जागलो, ते नाहक. सध्या काम एवढंच: दर महिन्याला चट्ट्याशेजारी मोजपट्टी धरून फोटो, तीन महिन्यांनी जळगावला तपासणी.

एका बाबतीत तुमचं खरं आहे. सासूबाईंपासून लपवायला नको होतं. त्यांना शेजारच्या काकूंकडून कळलं आणि चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आता एक तारीख आली की मुलाला अंगणातून हाक मारतात, “फोटू काढला का रे?” आणि पट्टी स्वतः शोधून आणतात, पोरीच्या कंपासमधली.