इंटरप्टचा आकडा कोटीत गेला म्हणून कार्ड गेलं असं नसतं हो

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. लिनक्सवर प्रॉकमधली इंटरप्ट्सची फाइल (/proc/interrupts) उघडा (इंटरप्ट म्हणजे डिव्हाइसने 'माझ्याकडे बघ' म्हणून सीपीयूला मारलेली हाक), नेटवर्क कार्डासमोर लाखा-कोटीत आकडा दिसला तर कार्ड खराब, कारण ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) दर पॅकेटला एक इंटरप्ट मोजतो, आणि लॉगमध्ये 'नोबडी केअर्ड' (हा इंटरप्ट कोणीच आपला म्हटला नाही) आलं तर लगेच कार्ड बदला.

आधी तो आकडा. तो मशीन चालू झाल्यापासूनचा एकूण आहे. सेकंदाला 250 टिक (म्हणजे इंटरप्टच) देणारा टायमर एका कोअरवर दिवसाला 2 कोटी 16 लाख करतो (कोअर रिकामा असला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, टिक थांबवतो, म्हणून प्रत्यक्षात कमी), मग काय टायमर काढून फेकायचा? दहा सेकंदांत किती वाढला ते बघा. आणि मोजणारा ड्रायव्हर नाहीच, कर्नल मोजतो, ड्रायव्हरच्या हँडलरला (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या कोडला) हाक मारायच्या आधी.

दर पॅकेटला एक इंटरप्ट हे तर फारच जुनं झालं. गिगाबिट लिंक फुल भरली की मोठ्या साइजची पॅकेटंसुद्धा सेकंदाला 81 हजारांच्या आसपास येतात, तेवढ्या वेळा सीपीयूला उठवलं तर तो दुसरं काही करणारच नाही, म्हणून ड्रायव्हर पहिल्या इंटरप्टला कार्डाचं तोंड बंद करतो आणि मग कर्नल स्वतःच रिंगमधून (आलेली पॅकेटं थांबतात त्या मेमरीतल्या रांगेतून) पॅकेटं उचलत बसतो, एका फेरीत साधारण 64 पर्यंत, रिंग रिकामी झाली की इंटरप्ट परत चालू. याला नॅपी (NAPI) म्हणतात. म्हणजे ट्रॅफिक वाढल्यावर इंटरप्ट उलट कमी झालेले दिसू शकतात! मोठी फाइल उतरवताना इंटरप्टचा आणि पॅकेटांचा आकडा शेजारी ठेवून बघा एकदा.

आता 'नोबडी केअर्ड'. जुन्या पद्धतीच्या इंटरप्ट लाइनवर (इंटरप्ट ज्या तारेवरून येतो तिच्यावर) दोन-तीन डिव्हाइस एकत्र असतात, इंटरप्ट आला की प्रत्येक हँडलर आपल्या डिव्हाइसचं स्टेटस रजिस्टर वाचून 'माझा' किंवा 'माझा नाही' सांगतो. 1 लाखातले 99,900 च्या वर कोणीच घेतले नाहीत की कर्नल ती लाइनच बंद करतो, नाहीतर सीपीयू तिथेच अडकेल. दोषी कोणीही असू शकतं, ड्रायव्हर लोड न झालेलं तिसरंच डिव्हाइस, बायोसने इंटरप्ट चुकीच्या लाइनला जोडणं, काहीही. पण लाइन बंद झाली की तिच्यावरचं चांगलं कार्डही गप्प होतं आणि लोक नेमकं तेच बदलतात. त्याच मेसेजखाली हँडलरांची यादी छापलेली असते, ती वाचायचे कष्ट घ्या आधी, कारण नवीन कार्ड त्याच लाइनवर बसलं तर तेही तसंच गप्प होणार.